फुलाक्काचा माळा

रामनगरात माझं लाकूड-हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाईक खिळे घ्यायला आलंय की फुकटचा सल्ला, हे मला पायरीवरच कळतं. दिग्गी गावची फुलाक्का मात्र त्या दिवशी भांडायला आली होती. पिशवीत फळीचा तुकडा, आणि मागोमाग नवरा लखू, तमाशा बघायला आल्यासारखा.

तिने घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या. आता त्यांना जोडून बसायला लाकडी डेक हवा होता. सहा वर्षं कंद विकून साठवलेले नव्वद हजार तिच्याकडे होते आणि तेवढ्यातच भागवायचं होतं. कर्जाचं नाव काढलं की ती उठून जायची.

माझा पुतण्या प्रवीण, बेळगावचा डिप्लोमा. त्याने फोनवर आलेला फोटो बघून कोटेशन दिलं होतं. बारा बाय सोळा, एकशे ब्याण्णव चौरस फूट. जमिनीलगतचा डेक साडेचारशे रुपये फुटाने शहाऐंशी हजार चारशे. चार फूट उंचीचा आठशेने एक लाख त्रेपन्न हजार सहाशे. सोबत फळीचा नमुना जीपने पाठवला होता.

"तम्मा," तिने प्रवीणला धाकट्या भावासारखी हाक मारून तुकडा पुढे केला, "हा तुझा नमुना. तीन आठवडे अंगणात ठेवला हुता. वरनं बघ."

"छान आहे की, अक्का."

"आता पालथा कर."

प्रवीणने पालथा केला. खालून वाळवीने फळीची चाळण केली होती. माझ्या काउंटरवर माती सांडली.

"औषध मारू की," प्रवीण म्हणाला. "सहा हजार वाढतील."

"मार. आनि माझं अंगण सपाट हाय असं तुला कुनी सांगितलं?"

"फोटोत..."

"फोटोत लखूबी देखणा दिसतोय!"

लखू दिलखुलास हसला. वर म्हणाला, "जमिनीवर बसून आजवर कोन पडलंय का? ही म्हनते पाव्हन्यांना वरनं भातशेत दिसाय पायजे. आमाला खालनं दिसतंय तेवढं बास हाय."

"तुमाला ताट दिसलं की बास हुतंय," फुलाक्का म्हणाली.

तिच्या सांगण्याप्रमाणे अंगण घराकडून शेताकडे चार फूट उतरत होतं. जमिनीलगत डेक करायचा तर खालच्या बाजूला चिऱ्यांची भिंत घालून भराव टाकावा लागणार, आणि तिच्या दाराशी ट्रॅक्टर पोचत नाही. माती डोक्यावरून. मी पेन उघडलं. भिंत, भराव अडतीस हजार, औषध सहा. स्वस्तातला डेक गेला एक लाख तीस हजार चारशेवर. उंच डेक आता फक्त तेवीस हजार दोनशेने महाग उरला. प्रवीणचे कान लाल झाले.

"तरी पण अक्का, दोन्ही नव्वदच्या वरच."

"आता तुझा उंचावरचा काढ. खांब केवढ्याचे?"

"बावीस हजार."

"जुन्या गोठ्याचे नऊ हायत, मत्तीच्या टनक लाकडाचे. मजुरी?"

"अठ्ठावीस हजार."

"ती खोड. रोपनीला मी ज्यांच्या शेतात वाकले, ते सगळे येनार. जिना?"

"जिना आणि घराकडच्या बाजूचा कठडा, चौदा हजार."

"घराकडं डेक अंगनालाच टेकनार. जिना कशाला, मांजराला?"

प्रवीणने आपले कागद पुढे ओढले. त्याने दोन चित्रं काढली होती, एक जमिनीलगतचं, एक उंचावरचं. हिचा डेक एका टोकाला पहिला होता आणि दुसऱ्या टोकाला दुसरा.

"अक्का, हे कुठं शिकलात?"

"रानडुकरांपासनं पीक राखायला शेतात दर साली माळा बांधतोय की आमी. खांबाखाली चपटा चिरा, बुडाला वाळवीसाठी काजूच्या टरफलाचं तेल. तुमी त्याला डेक म्हनता आनि आठशे रुपये फूट लावता."

मी बेरीज केली, मग खात्रीसाठी पुन्हा केली. एकोणनव्वद हजार सहाशे.

"चारशे उरले, परशुरामण्णा," ती म्हणाली. माझी बेरीज व्हायच्या आधीच तिला आकडा ठाऊक असावा, असा मला दाट संशय आहे. माझ्या वाट्याला आल्या फळ्या, बोल्ट आणि शेताकडचा कठडा. चौसष्ट हजारांची विक्री माझ्या हातून गेली, तरी त्या दिवशी दुकान बंद करताना मी शीळ घालत होतो.

काम नऊ दिवसांत झालं. फळ्या आणि कठड्याचं माप प्रवीण स्वतः तिथे राहून घेत होता, या वेळी फोटोवरून नाही. नवा माळा आधी वाडीतल्या सगळ्यांत वजनदार माणसाने तुडवायचा, ही तिकडची रीत. तो मान गुरुदासचा. तो अंगणातून सरळ चालत शेताकडच्या टोकाला गेला आणि दोनदा उडी मारली. प्रवीणने डोळे मिटले. फळी कुरकुरली नाही. उरलेल्या चारशेंचा नारळ-गूळ वाटला गेला.

पहिले पाहुणे धारवाडचे. कठड्याशी उभे राहून, समोर पायरीपायरीने उतरणारी भातं बघत त्यांनी विचारलं, हे कुठल्या इंजिनियरने केलं?

फुलाक्का चहा ओतत होती. तिने पुढचा कप भरला.

लखू मात्र छाती फुगवून पुढे झाला. "ही काय, हिनं! तुमाला बांधायचा आसंल तर सांगा. फकस्त फोटो पाठवू नका, ही सोता बघाय येती."