लोण्यासारखी माती

नालवाडीच्या नव्या लेआउटमध्ये प्लॉट निवडताना बाकीच्यांनी रस्ता पाहिला, विहीर पाहिली. आपल्या रूपरावाने मात्र माती पाहिली. खाली बसून ढेकूळ उचललं, चुरलं, हुंगलं आणि बायकोला म्हणाला, "पाह्य शकू, लोन्यावानी माती हाये!" शेजारचा मुरमाड तुकडा त्याच भावात होता; तो याने फुकटही घेतला नसता. वर्ध्याच्या कापूस-जिनिंगमध्ये कामाला लागून केस पिकले, तरी डोळा आपल्या गावच्या, रोहण्याच्या शेतकऱ्याचाच. घराला जागा घ्यायला गेला आणि कपाशीला घेऊन आला!

हिवाळ्यात पाया खणला. माती सुकून अशी कडक झाली होती की पहार उसळायची. गवंडी तानबाही तसाच, मातीवर भुललेला. म्हणाला, "हे तं मुरमाहून कडक हाये. कायले खोल जाता?" नवरा-बायकोला ते पटलं. सरकारी परमिटसाठी चपला झिजवून सिमेंट आणलं, चौकटीला नारळ बांधला, चारी भिंती दारापेक्षा उंच गेल्या. रूपराव रोज संध्याकाळी त्या बिनछपराच्या घरात जाऊन उगाच बसायचा.

घाई होती ती कमलासाठी. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, आणि माहेर म्हणजे भाड्याची एक खोली. घरमालकीण आनंदाबाईने शकुबाईला तोंडावरच सांगून टाकलं होतं. "रागावू नोको बाई, पन माह्या घरात बाळतपन नोको. भिंतीले लागून माहा देव हाये." शकुबाई म्हणाली, "तोवर आमचं घर होते की."

चैत्रात मागच्या भिंतीला भेग गेली. आधी केसाएवढी, मग बोट जाईल एवढी, मग पलीकडची म्हैस दिसेल एवढी. काळी जमीन उन्हाने फाटत होती आणि भिंतीलाही सोबत फाडत होती. तानबाने मान खाली घातली. "पाडा लागन, भाऊ. मुरूम लागेतोवर खना आता." आपल्या हाताने रचलेली भिंत रूपरावाने आपल्या हाताने पाडली. परमिटचं सिमेंट ढिगाऱ्यात गेलं.

जिनिंगचा हंगाम संपला होता, म्हणून तो एकटाच खणत राहिला. कमरेपर्यंत काळी. छातीपर्यंत काळी. डोकं खड्ड्यात बुडालं तरी काळीच, ओलसर, लोण्यासारखी! एके दिवशी तो खड्ड्यातच बसला आणि ढसाढसा रडला. ज्या मातीवर बापजाद्यांनी जीव लावला, तिनेच दावा साधला होता.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याला तिथे वांग्याची वाडी करायची होती. "काय माती हाये, वा!" म्हणाला. आता ही तारीफ रूपरावाला ऐकवेना. विकतो म्हणाला. सोमवारी इसाराचे पैसे द्यायचं ठरलं. घराचं नाव आता काढायचं नाही असं त्याने मनाशी ठरवलं, आणि शकुबाई दोन दिवस त्याच्यापुढे नुसती भाकर सरकवत राहिली.

आणि त्याच आठवड्यात कमला बसमधून उतरली, जडावलेली, हातात पिशवी. तिला नव्या घराचं कौतुक सासरी सगळ्यांना सांगून झालं होतं. ती थेट नालवाडीलाच आली. तीन भिंती, एक खड्डा आणि खड्ड्यात बाप.

"बाबा, घर कुठी हाये?"

आनंदाबाईच्या दारात लेकीला उभं करायची रूपरावाची छाती नव्हती. छपरासाठी आणून ठेवलेली टिनं त्याने काढली, पाडलेल्या भिंतीच्या विटा रचल्या, वरून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या घातल्या, बारदानं भिजवून टांगली. माणसाने लेकीला असं गुराच्या गोठ्यात ठेवावं? त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण दुसरं काही सुचेना.

रविवारी भर दुपारी त्या टिनाखाली कमलाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. सुईण मडक्यात नाळ-वार घेऊन बाहेर आली. "घराच्या कोन्यात पुरा लागते. कोन्ता कोना घ्याचा?"

रूपराव मडकं घेऊन खड्ड्यात उतरला. कुत्र्याने उकरू नये म्हणून आणखी थोडं खणावं म्हणाला. चार घाव काळीत गेले. पाचवा खणकन वाजला. त्याने हाताने उकरून पाहिलं. पिवळट, खरखरीत मुरूम.

"लागला," तो पुटपुटला.

काठावरून शकुबाईने उरलेल्या तीन भिंतींकडे पाहिलं. "मंग ह्या?"

"ह्याही पाडा लागन. समद्याईले इतकंच खोल जा लागन."

ती खाली बसली. दोघांनाही कळत होतं की हे काम आपल्या आवाक्याबाहेरचं आहे. टिनाखालून बाळ रडत होतं.

"आन् उद्या तो वांग्यावाला येईन," ती शेवटी म्हणाली. "त्याले काय सांगू?"

रूपरावाने मडकं मुरमावर ठेवलं आणि वरून ती काळी माती लोटली. "सांगजो, आमच्या लेकराची नाळ पुरली अठी. जागा इकत नाई म्हन."

मग त्याने वर यायला काठ धरला, पण खड्डा फार खोल झाला होता. शकुबाईने हात दिला.