साठपैकी शून्य

कनिका बाफना यांचा माणसांवर पटकन विश्वास बसत नसे, आणि त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नव्हतं. जालन्यात कापडाचं दुकान चालवणाऱ्या आजोबांच्या, म्हणजे जेठमलजींच्या, गादीशेजारी त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. आजोबांची एक शिकवण होती: गिऱ्हाईक घासाघीस न करता माल उचलायला लागलं, की त्याची नोट उजेडात धरून बघायची. पुढं कनिका मॅडम सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गाला जैवसंख्याशास्त्र शिकवायला लागल्या. दुकान सुटलं, सवय सुटली नाही.

पहिल्या सत्राच्या वर्गात अठरा विद्यार्थी होते. दोन दंतवैद्य, पाच-सहा होमिओपॅथीवाले, बाकी नर्सिंग झालेल्या मुली, आणि शेवटच्या बाकावर बद्रीनाथ. वय शेहेचाळीस. बदनापूरकडच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेवक म्हणून वीस वर्षं नोकरी करून, खात्याची परवानगी काढून तो शिकायला आला होता. ‘सरासरी’ म्हटलं की वही उघडायचा आणि ‘प्रमाण विचलन’ म्हटलं की चष्मा पुसायचा. पण एक तास चुकवायचा नाही.

दिवाळीनंतर मॅडमनी वर्गाला काम दिलं. प्रत्येकाने आपल्या सोयीचं एक गाव घ्यायचं, साठ घरं फिरायची, दर घरातल्या तिशीपुढच्या एका बाईला ठरलेले बारा प्रश्न विचारायचे. सातवा प्रश्न होता: मिश्री लावता का किंवा तंबाखू खाता का? बाकी जेवण, झोप, दुखणंखुपणं असलं साधंच. गाव कुठलंही चालेल, पण आकडे खरे हवेत, एवढं त्यांनी चारदा बजावून सांगितलं.

तक्ते आले. कुणाच्या गावात साठपैकी एकोणीस बायका मिश्री लावणाऱ्या, कुणाच्या तेवीस, कुणाच्या सतरा. बद्रीनाथने केदारखेडा घेतलं होतं. सातव्या प्रश्नापुढं त्याचा आकडा होता शून्य.

मॅडमनी त्याचे सगळे फॉर्म मागवून घेतले. साठच्या साठ बायका मिश्रीला शिवत नाहीत. साठच्या साठ वेळेवर जेवतात. कुणाचं डोकं दुखत नाही, कुणाला तोंडाचा त्रास नाही. सगळे फॉर्म दोन दिवसांत भरलेले, एकाच निळ्या पेनाने, आणि खाडाखोड म्हणून कुठं नाही. भोकरदन तालुक्यात असं गाव असेल तर तिथं देवच राहत असणार.

त्यांनी गणित मांडलं. तीनातली एक बाई मिश्री लावते असं धरलं, तर साठजणींत एकही न सापडण्याचा योग किती? उत्तर आलं: तीन हजार सातशे कोटींत एकदा. मॅडमना मनातून बरंच वाटलं. नोट खोटी होती, आणि ती त्यांच्या हातात होती. बद्रीनाथचं नाव पटावरून गेलं म्हणजे आपलं काम झालं, असं वाटायच्या थराला त्या आल्या होत्या.

त्यांनी बद्रीनाथला बोलावून घेतलं.

“हे फॉर्म तुम्ही कुठं बसून भरले?”

“कुठं बसून म्हंजे? दारोदार फिरलो ना मॅडम. शनवार-रईवार, दोन्ही दिवस.”

“एका दिवसात तीस घरं?”

“बिलकुल. उलट लौकर सोडंनात. घरोघरी च्या. पिऊन पिऊन पित्त खवळलं माझं.”

तीस घरी चहा! मॅडमनी मनात फुली मारली. परक्या माणसाला, त्यातून सरकारी कागद घेऊन आलेल्या माणसाला, कुठलं गाव तीस वेळा चहा पाजतं? आणि थापा मारायच्या तर जरा बेताने तरी माराव्यात.

“मिश्री लावणारी एकसुद्धा बाई नाही?”

“न्हाई म्हणल्या, मी न्हाई लिहिलं. आपल्या मनाचं लिहू नका, असं तुम्हीच शिकवलंय.”

तो निघून गेल्यावर मॅडमनी समितीसाठी पत्र लिहून ठेवलं. आकडे घरबसल्या रचले आहेत, विद्यार्थ्याचं नाव कमी करावं. पत्राची एक प्रत खात्याकडे जाणार होती. म्हणजे शिक्षण तर जाणारच, वर वीस वर्षांच्या नोकरीवर डाग. पत्र सोमवारी द्यायचं होतं. सही करताना मात्र पेन थबकलं. आजोबा म्हणायचे, नोट खोटी म्हणायच्या आधी ती उजेडात धर. उजेड केदारखेड्याला होता.

रविवारी सकाळी कुणालाही न सांगता त्या निघाल्या. साठातले पाच फॉर्म त्यांनी यदृच्छ अंकांच्या तक्त्यावरून निवडले होते. आपल्या हाताने निवडले असते तर आपणच मनासारखे निवडू, हाही संशय होताच. राजूरला गणपतीच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांनी रस्ता अडवला होता, तिथं अर्धा तास मोडला. तेवढ्या वेळात त्यांनी बद्रीनाथला काय काय बोलायचं ते पाठ करून टाकलं.

पहिलं घर चतुराबाईचं. साठीची, ठणठणीत बाई, दारात तूर निवडत बसली होती.

“मावशी, मागच्या महिन्यात कुणी फॉर्म भरायला आलं होतं का?” मॅडमनी मुद्दामच नाव घेतलं नाही.

“आल्ते की! आमचे जावई आल्ते.”

“तुमचे जावई?”

“द्वारकाबाईचे. तिची दैवशाला दिलीय त्यांना. पर द्वारकाचे म्हंजे अख्ख्या गावाचेच ना बाई! बद्रीनाथराव. लई गुणाचा माणूस. च्या घेतल्याबिगर सोडलंच न्हाई त्यांना.”

हातातला फॉर्म कनिका मॅडमनी उगाचच उलटा केला, सुलटा केला. तीस चहांचा हिशोब लागला होता. माणूस खरंच आला होता.

“मग त्यांनी मिश्रीचं विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. लावत नाही का?”

चतुराबाईने आधी गल्लीत इकडे तिकडे बघितलं. मग कमरेची चंची सोडली, त्यातली चपटी डबी काढली, काळ्या पुडीची चिमूट बोटावर घेतली आणि मॅडमच्या देखत दातावरून फिरवली.

“आता जावयाच्या तोंडावर ‘हो, लावते’ म्हणू व्हय? चार ठिकाणी उठणं-बसणं त्यांचं. सासुरवाडीच्या बायका मिश्रीवाल्या म्हणून नाव घालवायचं का गावाचं?”

“आणि डोकं दुखतं का म्हणून विचारलं तेव्हा?”

“रोज दुखतं. पर जावयासमोर कण्हत बसायचं का मंग?”

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी मालनबाईने तर हसून हसून डोळ्यांना पदर लावला. जावई ओसरीवर आहेत म्हटल्यावर तिने हातातली डबी धान्याच्या कणगीत टाकली होती, ती तीन दिवस सापडली नव्हती. चौथ्या घरी मिश्री नव्हती, तंबाखू होता. बद्रीनाथने खरंच साठ घरांचे उंबरे झिजवले होते, जे ऐकलं ते इमानाने लिहिलं होतं, आणि त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं.

मॅडमना स्वतःची लाज वाटली, आणि रागही आला. साठजणींची उत्तरं एकमेकींपासून स्वतंत्र असतात, हे धरून त्यांनी तीन हजार सातशे कोटींचं गणित थाटात मांडलं होतं. वर्गात हेच त्या घसा कोरडा करून शिकवत. इथं साठ बायका नव्हत्याच. एकाच सासूला साठ वेळा विचारलं होतं.

पाचवा फॉर्म सतरा नंबरचा होता. नाव: द्वारकाबाई.

खुद्द सासूबाई. मॅडम गेल्या तेव्हा त्या चुलीपुढं एकट्याच जेवत होत्या. वाटीत दूध, दुधात भाकरी अगदी लगदा होईपर्यंत कुस्करलेली. जालन्याहून आलेली मास्तरीणबाई म्हटल्यावर त्यांनी बसायला पोतं टाकलं. बोलणं मात्र तोंडात गरम घास धरल्यासारखं येत होतं.

“भाकरी अशी का खाता?”

“तिखट झोंबतं, पोरी. नुसती चावायची म्हणलं तर तोंड उघडत न्हाई.”

“कधीपासून?”

“दोन दिवाळ्या झाल्या.”

मॅडम काही डॉक्टर नव्हत्या. पण वर्गातल्या दंतवैद्यांनी सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं: आपल्याच हाताची तीन बोटं उभी धरून तोंडात जायला हवीत. त्यांनी द्वारकाबाईंना करून बघायला सांगितलं. दोनसुद्धा गेली नाहीत. मोबाईलच्या उजेडात डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, आणि त्याच्या मधोमध लाल जखम.

“आजी, हे दाखवायला पाहिजे. आज-उद्याच. घरातच आरोग्यखात्याचा माणूस आहे तुमच्या, त्यांना का नाही सांगितलं?”

“त्यांना कसं सांगू?” द्वारकाबाई घाबरल्या. “मिश्रीनं झालंय, मला कळतंय ना. ते लोकांना शिकवत फिरतात, मिश्री सोडा म्हणून. अन् त्यांचीच सासू... माझ्या दैवशालाला बोल लागंल. तू बी सांगू नको. तुझ्या पाया पडते.”

खरोखरच त्या पाया पडायला वाकल्या. कनिका मॅडमनी त्यांना मध्येच धरलं, पण शब्द दिला नाही.

सोमवारी बद्रीनाथ आला तो उभाच राहिला. समितीच्या पत्राची कुणकुण त्याला लागली होती. बसा म्हटलं तरी बसेना.

“मॅडम, नाव कमी करायचं असंल तर करा. पर मी खोटं लिहिलेलं न्हाई. लेकरांची शपथ.”

“माहीत आहे. मी काल केदारखेड्याला गेले होते.” त्यांनी पत्र ड्रॉवरमधून काढलं, त्याच्यासमोर फाडलं आणि टोपलीत टाकलं. “चूक माझी झाली. तुम्ही फॉर्म खरे भरले. मी उगाच संशय घेतला.”

बद्रीनाथचा चेहरा उजळला. तो खुर्चीच्या कडेवर टेकला. “लई टेन्शनमधी होतो मॅडम. दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई.”

“पण उत्तरं सगळी खोटी आहेत. तुम्ही जावई आहात तिथले. तुमच्यापुढं कोण हो म्हणेल?”

तो आधी हसला. मग हसू जागच्या जागी थांबलं. “च्यायला,” तो पुटपुटला, आणि लगेच कानाला हात लावून माफी मागितली. “सोयीचं गाव म्हणून घेतलं हो. म्हणलं, आपलीच माणसं, पटापट सांगतील. मंग आता?”

“आता गाव पुन्हा करायचं. तुम्ही नाही. तुमच्या मंडळींना पाठवा, तिथल्या बायका माहेरच्या लेकीला सगळं सांगतील.” पाया पडायला वाकलेली म्हातारी मॅडमच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. मग गठ्ठ्यातला एक फॉर्म काढून त्यांनी त्याच्याकडे सरकवला. “फक्त हा एक तुम्ही स्वतः करायचा. आजच. आणि टॉर्च घेऊन जा.”

बद्रीनाथने नंबर बघितला. सतरा. खालचं नाव वाचलं. आठव्या प्रश्नापुढं, तोंडात जखम किंवा चट्टा, त्याच्याच वळणदार अक्षरात ‘नाही’ लिहिलेलं होतं. टॉर्च कशाला, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गेल्या वर्षी त्याने उपकेंद्राच्या हद्दीत बाराशे तोंडं तपासली होती, त्याचं प्रशस्तिपत्र त्याला मिळालं होतं.

त्याने चष्मा काढला, पण पुसला नाही.

“लग्नाला बावीस वर्षं झाली मॅडम,” तो शेवटी म्हणाला. “मी गेलो की सासूबाई कायम पदर घेऊनच बोलतात. आधी नुसता डोक्यावर असायचा. दोन वर्षं झाली, तोंडाला लावून राह्यल्यात. मला वाटायचं, जावई आता मोठा झाला, जास्तीचा मान देऊन राह्यल्या.”