दिपमालाच्या पॉलीहाऊसचा पडदा

दिपमालाच्या पोटात दुखत होतं, आणि ते ओव्याने बरं होणारं दुखणं नव्हतं. धाकट्या जावेचे, पुनमचे टमाटे तिला आपल्यापेक्षा मोठे दिसायला लागले होते.

आता तुम्हीच सांगा, का नाही जळणार बाई? सोनगीरला या घरात पॉलीहाऊसचं खूळ आणलं कुणी? दिपमालाने. रोप सुतळीने तारेला कसं बांधायचं, पानाच्या बगलेत येणारी जादा फूट कशी खुडायची, हे पुनमला शिकवलं कुणी? दिपमालानेच. नवरे दोघे हायवेवर गॅरेज चालवतात, शेती बायकांची. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, सुनांना शेजारीशेजारी एकेक पॉलीहाऊस दिलं होतं. विहिरीजवळ तिसरं उभं राहत होतं. होळीला जेवताजेवता आबा बोलून गेले, की यंदा जिचा माल चांगला, नवं पॉलीहाऊस तिच्या ताब्यात.

झालं! दिपमालाने तोंडाशी नेलेला पोळीचा घास परत ताटात ठेवला. ते नवं पॉलीहाऊस तिने मनातल्या मनात केव्हाच आपलं करून टाकलं होतं.

वाण एकच, रोपं एकाच नर्सरीतली, पाणी एकाच विहिरीचं. वजन केलं असतं तर दोघींचे घोस सारखेच भरले असते, पण जळणारं माणूस कशाला वजन करतंय! तिने पुनमवर पाळत ठेवली. सकाळी ऊन जरा वर आलं, की पुनम काठी घेऊन तारांवर टकटक करत फिरायची. आत वारा नाही, मधमाशी नाही, म्हणून तार हलवून फुलातला पराग पाडायचा, तेव्हा फळ धरतं. ही युक्तीही दिपमालाचीच. माझं बघून करते आणि माझ्याच पुढे जाते, या विचाराने तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

मग तिने पडद्याच्या चरखीचं हँडल फिरवलं आणि पॉलीहाऊसचे दोन्ही बाजूंचे पडदे खाली सोडले. बघ म्हणावं आता काय बघतेस! सासूने, भिकुबाईने विचारलं, तर म्हणाली धूळ येते.

होळीनंतरचं खान्देशातलं ऊन, आणि त्यात पडदे बंद. आत उभं राहिलं तरी घामाच्या धारा लागायच्या. फुलांचे देठ पिवळे पडून फुलं गळायला लागली, जी फळं धरली ती बोराएवढीच राहिली. दिपमालाला दिसत नव्हतं असं नाही. पण तिने काय करावं? दाराला लिंबू-मिरची बांधली. ही पुनमचीच नजर, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. पुनमचा पडदा मात्र दिवसभर वर, आत लाल घोस लोंबताहेत. मुद्दाम उघडं ठेवते मेली, मला दाखवायला, असं पुटपुटत दिपमाला आपला पडदा तळाशी विटा ठेवून आणखी घट्ट करायची.

आबा माल बघायला आले, ते आधी पुनमकडे गेले आणि मग इकडे. त्यांनी विटा बाजूला सारून पडदा वर घेतला. आतून भपकारा आला. जमिनीवर वाळलेल्या फुलांचा सडा पडला होता.

"पडदा कसाले पाडेल शे?" आबांनी कारण विचारलं.

दिपमालाने डोक्यावरचा पदर ओढला. आबांपुढे धुळीचं नाव काढायची सोय नव्हती, पुनमने बघू नये हे खरं कारणच तोंडातून निघालं. "पुनमनी दखाले नको, म्हनीसन."

आबा रागावले नाहीत. एवढ्या गरमीत पराग मरतो, मग काठीने तार कितीही हलवा, फळ धरत नाही, एवढं सांगून ते झाडांकडे बघत राहिले. ते बघणं दिपमालाला शिव्यांपेक्षा लागलं.

तेवढ्यात आबांच्या मागून आलेली पुनम थोरल्या जावेला म्हणाली, "अक्का, मी बी पाडनार व्हती. तुम्हनं दखी दखीच बठ्ठं करं मी. पन मन्ही चरखी जाम व्हयी गयी."

आणि मग तिने सगळंच सांगून टाकलं. अक्कांचं बघूनबघूनच ती सगळं करायची, म्हणून अक्कांनी पडदा पाडला म्हणजे आत काहीतरी गुपित असणार, असं तिला वाटत होतं. हँडल ओढूनओढून तिच्या हाताला फोड आले, पडदा काही खाली येईना. महिनाभर ती अक्कांच्या बंद पडद्यावर जळत होती.

नवं पॉलीहाऊस पुनमला मिळालं. रोपं लावली त्या दिवशी ती दिपमालाला हात धरून तिथे घेऊन गेली. नव्याची चरखी लोण्यासारखी फिरत होती. हँडलवर हात ठेवून पुनमने विचारलं, की अक्का, पडदा कधी पाडायचा?

'आत्ताच पाड,' हे शब्द दिपमालाच्या अगदी जिभेवर आले. पोटातलं दुखणं कुठे गेलं होतं? होतं तिथेच होतं.

"दिवसा पाडूच नको," ती म्हणाली, आणि पुनमचा हात हँडलवरून काढला.