फुगलेल्या गालाचा मुखवटा

मी मुखवटा बोलतोय. नाटकातला नव्हे, मलेशियातल्या कुचिंग शहरातल्या एका इस्पितळातला. जन्मलो तेव्हा मी जाळीदार प्लास्टिकची सपाट पाटी होतो. गरम पाण्यात बुडवलं की आम्ही पोळीसारखे मऊ होतो आणि ज्या चेहऱ्यावर पसराल त्याचेच होऊन बसतो.

माझ्या वाट्याला मुजाआजी आल्या. सेरियानकडच्या डोंगरात त्यांचा मिऱ्यांचा मळा. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला त्यांना कर्करोगाची गाठ झाली होती. गाठीवर किरण सोडताना डोकं तसूभरही हलून चालत नाही, म्हणून मी. मला चढवून स्कॅन काढायचा आणि त्या चित्रावर डॉक्टरांनी किरणांची वाट आखायची.

हफिझा नावाच्या तंत्रज्ञ मुलीने आजींची कवळी, कर्णफुलं, केसांतल्या पिना, सगळं काढून घेतलं. विड्याचं तिने विचारलं नाही, आजींनी सांगितलं नाही. अनोळखी रानात शिरताना गालात विडा धरायचा, असं आईने शिकवलेलं; आणि त्या यंत्राइतकं अनोळखी रान आजींनी पाहिलं नव्हतं. डाव्या गालावरून मी टेकाड चढून उतरावं तसा पसरलो. वाटलं, माणसं अशीच असतात. मी नवीन होतो.

चित्रं पाहून डॉक्टर तिओंगबाई पडद्याजवळ वाकल्या. डाव्या गालात आणखी एक गाठ, तिच्यात पांढरे चमकते ठिपके. नाकामागची गाठ बरी होण्यासारखी होती. रोग गालापर्यंत पोचला असेल, तर मात्र सगळंच अवघड.

त्यांनी आजींना तपासायला बोलावलं. डॉक्टरांसमोर विडा चघळत जाणं बरं नव्हे, म्हणून आजी चूळ भरून आल्या. बाईंनी विजेरी लावून पाहिलं, गाल बोटांनी चाचपला. काही नाही. पुन्हा स्कॅन काढायला सांगितला. आजी पुन्हा घाबरल्या, पुन्हा विडा. गाठ हजर, आणि थोडी वाढलेलीही. या वेळचं पान मोठं होतं.

मी ओरडून सांगितलं असतं, पण माझ्या तोंडाच्या जागी नुसती जाळी आहे.

बाहेर आजींचे यजमान राहेन मांडीवर पितळी पानाचा डबा घेऊन बसले होते. बाई त्यांच्याशेजारी बसल्या आणि हळू आवाजात त्यांच्या मनाची तयारी करू लागल्या. डब्यावरची म्हाताऱ्याची बोटं थांबली.

"कुठल्या गालात?"

"डाव्या."

राहेननी डबा बाईंपुढे केला. "तिथं तिचा विडा असतो, डॉक्टर. लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे."

बाईंनी डबा उघडला. चुना. चित्रात तो हाडासारखा चमकतो. त्यांनी चष्मा काढून पुसला, मग पुन्हा पुसला. हफिझा काहीतरी आणायला आत गेली ती लवकर आलीच नाही.

"मला कोणी विचारलं का?" आतून बाहेर आलेल्या आजी म्हणाल्या.

"विचारायला तुझं तोंड रिकामं सापडायला हवं," राहेन म्हणाले, आणि बाही डोळ्यांना लावली.

रिकाम्या गालावर नवा मुखवटा झाला, नवा स्कॅन निघाला. गाल निर्मळ होता. उपचार माझ्या धाकट्या भावाच्या हातून पार पडले, मी कपाटात. आजींची चव गेली, पेजेवर दिवस काढले, चेहरा रोडावला. विडा तर डॉक्टरांनी बंदच केला. शेवटच्या दिवशी हफिझाने धाकट्याला त्यांच्यापुढे धरून विचारलं, घरी नेणार का?

"हा सुकलेला नको," आजी म्हणाल्या. "गाल भरलेला आहे तो द्या."

आता मी मळ्यालगतच्या भातात बुजगावणं आहे. काही महिन्यांनी काढलेल्या स्कॅनमध्ये नाकामागची जागा मोकळी निघाली, हे राहेन शेजाऱ्याला सांगत होते तेव्हा ऐकलं. पाखरं मला मुळीच भीत नाहीत. एका चिमणीने तर माझ्या डाव्या गालात घरटं बांधलंय, आणि राहेन तिला उठवू देत नाहीत.

स्कॅनला जाल तेव्हा तोंडात काय आहे ते न विचारताच सांगत जा, एवढंच मागणं.

आजी येता-जाता माझ्या फुगल्या गालाला हात लावतात. त्यांचा गाल आता रिकामा असतो. ती जागा त्यांनी माझ्याकडे सांभाळायला दिली आहे.