वेळेवर फुस्स

कॉम्प्रेसर बघायला नटूनथटून गेलेली ती जगातली पहिली बाई असावी. अत्तरसुद्धा लावलं होतं. तेही रंगाच्या कारखान्यात, जिथे कुणाच्याच अत्तराचा निभाव लागत नाही. शिवाय साक्षीदार हवा म्हणून धाकट्या बहिणीला ओढत आणलं होतं.

कारण आज लेकीची परीक्षा होती. लाकडी कपाटांवर रंग फवारणाऱ्या या कारखान्यात हवेचा कॉम्प्रेसर एकच, आणि त्याचा अनलोडर व्हॉल्व्ह जाम झालेला. मुकादम सगळं धूड भंगारात काढायला निघाला होता. लेक म्हणाली, मी दुरुस्त करते. मुकादम म्हणाला, "कर. चाललं तर मशीनची खोली तुझी. नाही चाललं तर मुकाट्यानं पॉलिशपेपर घासायला परत."

"पण या व्हॉल्व्हचं काम तरी काय?" मावशीनं विचारलं.

"टाकी भरली की हवा दाबणं थांबवायचं," हात पुसत लेक म्हणाली.

"मग बटण बंद करा की!"

"सारखी बंद-चालू केली तर मोटर जळते, मावशी. म्हणून ती फिरतीच ठेवायची. टाकी भरली की अनलोडर हवा आत घ्यायची झडप उघडीच धरून ठेवतो. पिस्टन हवा ओढतो आणि त्याच वाटेनं बाहेर सोडतो. दाबायला काही उरतच नाही."

"म्हणजे तुझ्या मामासारखं," आई म्हणाली. "दिवसभर गरगर फिरायचं आणि काम शून्य."

"टाकी उतरली की हा कामाला लागतो गं. मामा लागतो का?"

"दादाला मध्ये आणू नका," मावशी दुखावली.

लेकीनं बटण दाबलं. धडधड सुरू झाली, टाकीवरच्या दाबमापकाचा काटा चढू लागला. तो लाल खुणेच्या पुढे गेला की वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह किंचाळणार, आणि लेक पॉलिशपेपरवर. आईनं काट्याकडे असे डोळे वटारले, की दूध असतं तर उतू जायची त्याची हिंमत झाली नसती.

काटा खुणेला टेकला.

फुस्स!

धडधड गेली. उरली नुसती मऊ घरघर.

"झालं! फुस्स," मावशी हळहळली. "जाऊ दे गं बाळा. पॉलिशपेपरही काही वाईट नसतो."

आईनं लेकीकडे पाहिलं. पण लेक तर कानापर्यंत हसत होती. काटाही जागच्या जागी उभा, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.

"अगं, फुस्स व्हायलाच हवं होतं! फुस्स म्हणजेच पास!"

"अर्धा पास," मुकादम म्हणाला आणि फवाऱ्याची गन उचलून त्यानं चाप ओढला. टाकीतली हवा निघाली, काटा उतरू लागला. मोटर अजून मऊच. आईनं श्वास कोंडून धरला. त्या क्षणी खोलीत सगळ्यात जास्त दाब तिच्यात होता.

आणि कुणी हात न लावता धडधड परत सुरू झाली.

"खोली तुझी," मुकादम म्हणाला.

आईनं कोंडलेला श्वास सोडला आणि मान ताठ केली. "आमच्या खानदानात आजवर पुष्कळ जण फुस्स झाले, मुकादम. पण इतकं वेळेवर कुणी नाही." तिनं फोन काढला. "जरा सरका. व्हॉल्व्ह झाकला जातोय."

"फोटोत आवाज कसा येणार?" मावशी म्हणाली.

"म्हणूनच व्हिडिओ काढतेय. आता सगळे गप्प बसा, काटा चढतोय."

मुकादमसुद्धा गप्प बसला.