पंधरा दिवसांचा नंबर

अपूर्वा बालाघाटजवळच्या उकव्याच्या मँगनीज खाणीत सर्व्हेअर होती. २००६ साली कंपनीने तिला पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत पाठवलं. उतरल्याबरोबर तिने विमानतळावरच तिथलं प्रीपेड सिम घेतलं आणि आईला फोन केला.

"आई, नंबर लिहून घे. माह्या इथल्या फोनमधून बालाघाटले बोललं का बॅलन्स भराभर उडते. पन तुहा फोन आला तर मले काहीच लागत नाही."

आईने, कमलाबाईंनी, कॅलेंडरच्या मागे नंबर लिहिला. रोज दुपारी अपूर्वाचा दोन मिनिटांचा फोन यायचा. दहाव्या दिवशी आला नाही. अकराव्या दिवशीही नाही.

बाराव्या दिवशी बारा वाजताच कमलाबाई कॅलेंडर घेऊन बसस्टँडजवळच्या पीसीओत गेल्या. घरच्या फोनवरून परदेशात फोन लागत नव्हता. पीसीओवाला वसंता पूर्वी खाणीच्या ऑफिसात टायपिस्ट होता. त्याने नंबर लावून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

पलीकडे कोणी पुरुष होता. भसाडा आवाज, इंग्रजी काहीतरी. कमलाबाईंना त्यातला एकच शब्द कळला, "हॉस्पिटल". मग फोन कटला.

"वसंता, मानूस बोलून राह्यला. हॉस्पिटल म्हनते."

"राँग नंबर असन, काकू. हा एक हाय का सात?"

कमलाबाईंनी कॅलेंडर डोळ्यांजवळ नेलं. स्वतःचाच आकडा त्यांना ओळखू येईना. "सात असन," त्या म्हणाल्या. सात असलाच पाहिजे, असं त्यांना वाटत होतं. कुणा दुसऱ्याच्या घरचं हॉस्पिटल असेल, आपलं नाही.

सात लावून पाहिला. असा नंबरच नाही, असं रेकॉर्डिंग वाजलं. वसंताने त्यांच्याकडे न बघता पुन्हा एक लावला.

तोच आवाज. वसंता मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलू लागला आणि मध्येच थांबला. त्या माणसाने अडखळत "अपूवा" म्हटलेलं कमलाबाईंना रिसीव्हरबाहेरूनही ऐकू आलं. त्यांनी काउंटर धरला. पुढचं काही विचारावंसं वाटेना. विचारलं नाही तोवर तरी पोरगी आहे.

"काय म्हनते तो?" शेवटी त्यांनी विचारलं.

"खानीत पडली म्हनते, काकू. हा तिथल्या खानीचा ड्रायव्हर हाय, हॉस्पिटलातच हाय, फोन त्याच्यापाशीच राह्यला होता. थांबा, तो तिच्या खोलीत जाऊन राह्यला."

लाइनवर पावलं वाजली, दार वाजलं. मीटर पळत होता. कमलाबाई रिसीव्हर कानाला दाबून उभ्या राहिल्या.

"आई?"

"अपू! कुठं लागलं?"

"डावा हात मोडला. काल ऑपरेशन झालं. तू घाबरशीन म्हनून कोनाले कळवू देलं नाही."

"पाय हायेत ना दोन्ही? हालवून पाह्य."

"हायेत आई."

"डोक्याले?"

"काहीच नाही. रडू नको."

"मी कुठं रडून राह्यली," कमलाबाई म्हणाल्या, आणि त्यांना हुंदका आवरेना. मग म्हणाल्या, "त्या भाऊले दे फोन."

भसाडा आवाज आला. त्यांनी सरळ मराठीतच सांगितलं, "भाऊ, तिले एकटीले सोडू नको. तिले रात्री तहान लागते."

पलीकडून तो हळू म्हणाला, "ओके, ममा."

वसंताने स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. अपूर्वा नागपूरला उतरेपर्यंत त्यांना घास गोड लागला नाही.