दारावरची पेंढी

माख्तेल्टच्या नवऱ्याच्या, तेउनिसच्या, काखेत गाठ आली आणि त्याच संध्याकाळी शहराच्या शिपायाने त्यांच्या दारावर वाळल्या गवताची पेंढी टांगली. घरात प्लेग आहे, आत पाऊल टाकू नका, आतल्यांनी बाहेर पडू नका, एवढाच तिचा अर्थ. डेल्फ्टच्या त्या गल्लीत सगळ्यांच्या आधी उठून पायऱ्या घासणाऱ्या माख्तेल्टला ती पेंढी थोबाडीत बसल्यासारखी लागली.

समोरच्या माडीवर एव्हर्ट नावाचा चित्रकार राहायचा. दोन महिने तो खिडकीतून हीच गल्ली रंगवत होता. चौथ्या दिवशी दुपारी त्याने हाक मारली.

"बाई, तेवढी पेंढी तासभर काढता का? ऊन दारावर आलंय. चित्र तेवढ्यासाठीच अडलंय बघा."

"शिपायानं पाहिलं म्हणजे?"

"तो गेलाय जेवायला. आणि गल्लीत ठाऊक नाही असं आहे कोण?"

नाही म्हणायला हवं होतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण निदान चित्रात तरी आपलं घर चारचौघांसारखं दिसेल, असं वाटून गेलं. तिने पेंढी काढून दाराआड ठेवली आणि ती तेउनिसच्या चादरी धुवायला परसात गेली.

गल्लीत एकीला ठाऊक नव्हतं. शेजारची याकोमिना बहिणीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस स्खीडामला होती. त्याच दुपारी ती कालव्यातल्या होडीने परतली होती. चूल विझलेली, नवरा बाहेर गेलेला, म्हणून निखारे मागायला ती नेहमीसारखी दार ढकलून आत आली.

माख्तेल्ट चादरी घेऊन आत आली, तर याकोमिना खाटेवर बसून तेउनिसचं डोकं मांडीवर घेऊन त्याला पाणी पाजत होती.

"कुठं उलथली होतीस गं? केव्हाचा पाणी पाणी करतोय बिचारा."

"ऊठ! आधी ऊठ तिथून! प्लेग आहे त्यांना!"

याकोमिनाने भांडं हळूच खाली ठेवलं. "दारावर तर काही नव्हतं गं."

माख्तेल्टची नजर दाराआडच्या पेंढीकडे गेली.

त्यानंतर सहाव्या दिवशी याकोमिना प्लेगने गेली. तेउनिसची गाठ फुटली, ताप उतरला, तो वाचला. चित्र एका दारूच्या व्यापाऱ्याने नेलं. "तुमच्या दाराचं फार कौतुक झालं, बाई," एव्हर्ट खिडकीतून हसत म्हणाला. माख्तेल्टने आपली खिडकी लावून घेतली.

सहा आठवड्यांनी बाहेर पडायची मोकळीक मिळाली, तशी ती याकोमिनाच्या नवऱ्याकडे गेली. हायबर्ट पिंपं बनवायचा. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"पेंढी मी काढली होती, भाऊ. चित्रासाठी."

हातोडा थांबला. "चित्रासाठी?"

"हो."

त्याने हातोडा पिंपावर ठेवला. "शेवटपर्यंत विचारत होती. तेउनिसला बरं वाटतंय का म्हणून."

"बरे आहेत," माख्तेल्ट म्हणाली. आयुष्यात कुठल्या शब्दांची तिला एवढी लाज वाटली नव्हती.

हायबर्टने उठून दार लावलं. ती बाहेर उभी राहिली, पाय भरून येईपर्यंत. मग घरी गेली. तेउनिसला अजून हाताने भरवावं लागत होतं.